डोळ्यातल्या इंजेक्शनांचे चौदा बुधवार

नोव्हेंबर २०२३. मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होतो, रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी मालक सोडत नाहीत म्हणून दुपारी तीन तास सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाऊन टेबलावर बसतो. त्या दिवशी निळ्या पट्ट्याच्या टॉवेलची किनार मधेच पोट आल्यासारखी फुगलेली दिसली. एक नाही, अख्खी थप्पी तशी. मागावरच्या व्यंकटेशला बोलावलं आणि चार लोकांत झापलं, ताण सैल सोडलायस, लक्ष कुठंय वगैरे. तो बिचारा टॉवेल उजेडात धरून म्हणाला, "अण्णा, सरळच हाय की." मला वाकडीच दिसत होती. मग चश्मा पुसताना उजवा डोळा चोळला, तो झाकला गेला आणि किनार सरळ झाली. हात काढला, परत पोट आलं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे त्यानंतरच्या दोन वर्षांत उजव्या डोळ्यात चौदा इंजेक्शनं झाली, आणि सुरुवातीला महिन्याला एक असणारी सुई आता तीन महिन्यांवर आलीय. ती कशी आली, मधे मी काय माती खाल्ली, विम्याचं काय झालं, हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं सारखं वाटायचं. मी डॉक्टर नाही, हे माझ्या एका डोळ्याचं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांशी बोला.

पहिले दहा दिवस असेच घालवले. मोतीबिंदूचं ऑपरेशन तर दोन्ही डोळ्यांचं २०१९ लाच झालेलं, मग नंबर बदलला असेल म्हणून नवी पेठेत चश्मेवाल्याकडे गेलो. त्याने तीन-चार काचा लावून बघितल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं, काका हे काचेचं काम नाही, डॉक्टरला दाखवा. त्या माणसाचे उपकार आहेत, नाहीतर नवा चश्मा गळ्यात मारून मोकळा झाला असता. डोळ्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करायचं औषध घालून आत बघितलं आणि म्हणाले पडद्याला सूज आहे, रेटिनाच्या डॉक्टरकडे जा, आणि उशीर करू नका. मुलगा पुण्यात असतो, त्याने तिथल्या मोठ्या हॉस्पिटलची अपॉइंटमेंट घेतली.

तिथे ओसीटी नावाचा स्कॅन झाला. दुखत नाही, हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघत बसायचं, दोन मिनिटात पडद्याचा उभा काप कॉम्प्युटरवर येतो. माझ्या पडद्याखाली काळा फुगा दिसत होता, अगदी टॉवेलच्या किनारीसारखाच. वेट मॅक्युलर डिजनरेशन. पडद्याच्या मधोमध जी जागा वाचायला, चेहरा ओळखायला लागते तिच्या खालून नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या कच्च्या असतात, पाझरतात, कधी फुटतात. शरीरातलंच व्हीईजीएफ नावाचं प्रथिन त्यांना खतपाणी घालतं आणि इंजेक्शन त्या प्रथिनाला अडवतं. डाव्या डोळ्यातही सुरुवात होती पण कोरड्या प्रकाराची, त्याला सुई लागत नाही. विडी सिगारेट विचारलं. तरुणपणी दिवसाला बंडल ओढायचो, २०११ ला सोडली. डॉक्टर म्हणाले सोडली ते चांगलं केलंत, ओढणाऱ्यांना हा आजार जास्त होतो.

मी विचारलं, किती इंजेक्शनं? त्यांनी सरळ सांगितलं, पहिली तीन, दर महिन्याला एक, पुढचं डोळा सांगेल, पण हे बीपीच्या गोळीसारखं समजा, औषधाचा असर उतरला की परत पाझरतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला फक्त "पहिली तीन" एवढंच ऐकू आलं.

काउंटरवर दरपत्रक दिलं. सगळ्यात स्वस्त बेव्हासिझुमॅब, मग रॅनिबिझुमॅब, मग अफ्लिबरसेप्ट, शेवटच्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट. पहिलं मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेलं औषध, डोळ्यासाठी डॉक्टर ते आपल्या अनुभवावर वापरतात. कॅन्सर हा शब्द ऐकून आमच्या मंडळींचा जीव खालीवर झाला आणि आम्ही मधलं निवडलं, त्यातलंही भारतीय कंपनीचं. नंतर कळलं की अमेरिकेत सरकारी खर्चाने स्वस्त आणि मधलं या दोन औषधांची तुलना करून २०११ साली निकाल आला होता आणि नजरेत दोन्ही जवळपास सारखी निघाली. त्यामुळे कुणाला पैशाची अडचण असेल तर स्वस्त औषध म्हणजे हलकं असं समजून उपचार सोडू नका. एवढंच विचारा की मोठ्या बाटलीतून छोटे डोस कुठे आणि कसे भरले जातात, कारण तिथे निर्जंतुकपणा महत्त्वाचा.

६ डिसेंबर २०२३, बुधवार, पहिली सुई. आदल्या रात्री झोप नाही. डोळ्यात सुई म्हणजे माणसाच्या अंगावर काटाच येतो. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर हिरवे गाऊन घालून आम्ही नऊ म्हातारे रेशनच्या रांगेत बसल्यासारखे. शेजारी पंढरपूरकडच्या एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, त्यांची तेविसावी सुई. माझे हात बघून म्हणाल्या, "पोरा, वर म्हटलं की वर बघायचं, हलायचं न्हाई. चपाती उलटायला येळ लागतो तेवढा बी लागत न्हाई." अडुसष्टाव्या वर्षी पोरा म्हणणारं कुणीतरी भेटलं.

तसंच झालं. बधिर करायचे थेंब तीन-चार वेळा, मग तपकिरी आयोडिनने डोळा आणि पापण्या धुतात, वर कापड, पापण्या उघड्या ठेवायला एक चाप लावतात, आणि खरं सांगतो सगळ्यात नकोसा तो चापच. सुई बुबुळात नाही, बाजूच्या पांढऱ्या भागात देतात. मला दाब आल्यासारखं वाटलं, टोचल्यासारखं नाही. लगेच डोळ्यापुढे बोटं धरून किती म्हणून विचारतात. खाली बघितलं की काळे गोल बुडबुडे तरंगताना दिसले, ते दोन दिवसात गेले. संध्याकाळी मात्र वाळू गेल्यासारखं चुरचुरलं, सुईपेक्षा ते आयोडिनचं जास्त असतं. दुसऱ्या वेळेपासून मी सिस्टरना आधीच सांगायला लागलो की शेवटी सलाईनने नीट धुवा, आणि घरी डॉक्टरांनी लिहून दिलेले साधे ओलाव्याचे थेंब घालायचो, तर रात्री झोप लागायला लागली. एकदा पांढऱ्या भागात लालभडक डाग आला, बघणारे घाबरले, पण तो कातडीखाली रक्त साकळल्यासारखा असतो, दहा दिवसात गेला. घाबरायचं कधी ते कागदावर लिहून दिलं होतं: पुढच्या काही दिवसात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर कमी झाली तर सकाळची वाट न बघता फोन करायचा, कारण जंतुसंसर्ग क्वचित होतो पण झाला तर डोळा जाऊ शकतो.

तीन दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं. सोलापुरात त्याची सोय महापालिकेनेच केली होती, पाणी यायचं चार-पाच दिवसाआड.

दुसरी ३ जानेवारीला आणि तिसरी ३१ ला. मधे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा होती पण धुळीला घाबरून गेलो नाही. २८ फेब्रुवारीच्या स्कॅनला फुगा गायब. नजर ६/२४ वरून ६/१२ (खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी). डॉक्टर म्हणाले आता दर महिन्याला फक्त स्कॅन, पाणी दिसलं तरच सुई. २७ मार्चलाही कोरडा.

आता माती कशी खाल्ली ते. त्या पुण्याच्या एका चकरेत काय काय असायचं बघा. पहाटे साडेचारला उठणं, हुतात्मा एक्सप्रेस, स्टेशनवरून रिक्षा, अकराची अपॉइंटमेंट असली तरी नंबर दोन-तीनला, मुलाची रजा, डोळा धूसर म्हणून एकट्याने परत येता येत नाही, संध्याकाळची गाडी, रात्री साडेदहाला घर. सुई असली की सतरा हजार, स्कॅन अठराशे, तिकिटं रिक्षा जेवण धरून एकवीस-बावीस हजाराला भोक. रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत करोनात गेली ती गेलीच, एसटीत पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट आहे पण डोळ्यात औषध घालून पाच-सहा तास एसटी नको वाटते. आणि सगळ्यात जड काय, तर मुलाचा चेहरा. तो काही बोलला नाही कधी, पण ऑफिसच्या फोनवर दबक्या आवाजात "हो सर, बाबांना घेऊन आलोय" म्हणताना ऐकलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सुईचं दुखणं यापुढे काहीच नाही.

म्हणून एप्रिल टाळला. ऊन त्रेचाळीसच्या वर, डोळा छान, कोरडा आहे म्हणालेत, नुसत्या स्कॅनसाठी कशाला जायचं. मेमध्ये पुतणीचं लग्न. हॉस्पिटलमधून फोन आला होता, मी म्हणालो पुढच्या आठवड्यात सांगतो. घरात खोटं सांगितलं की डॉक्टरांनीच जूनला बोलावलंय.

९ जून २०२४, रविवार. सकाळी पेपर उघडला आणि मधोमध काळपट डाग, शाई सांडल्यासारखा. पानाच्या कडा दिसतायत, बातमी दिसत नाही. बायकोकडे एका डोळ्याने बघितलं तर खांदे दिसले, चेहऱ्याच्या जागी डाग. मी कुणाला काही न बोलता गच्चीवर जाऊन बसलो अर्धा तास.

१२ जूनला पुण्यात. पडद्याखाली रक्त आलं होतं, नजर ६/६०. डॉक्टर रागावतील वाटलं होतं, ते रागावले नाहीत, फक्त मार्चचा आणि जूनचा स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवला. रागावले असते तर बरं झालं असतं. परत महिन्याला एक अशा तीन सुया, १२ जून, १० जुलै, ७ ऑगस्ट. नजर ६/१८ वर आली आणि तिथेच थांबली. तो ६/१२ परत आला नाही. तक्त्यावरच्या एका ओळीचं हे नुकसान माझं मी केलेलं आहे.

ऑगस्टच्या त्या दिवशी पहिल्यांदा मी डॉक्टरांना खरं सांगितलं, की सुईला भीत नाही, पण या चकरा झेपत नाहीत म्हणून टाळलं. आणि गंमत म्हणजे हे ऐकल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले हे आधी बोलायला हवं होतं, यावर मार्ग असतो.

मार्ग म्हणजे त्याला ते ट्रीट अँड एक्स्टेंड म्हणतात. कल्पना साधी आहे, पण मला कळायला दोनदा विचारावं लागलं. आधी काय होतं, स्कॅन करायचा आणि पाणी दिसलं तर सुई, म्हणजे आपण रोगाच्या मागून धावतो, आणि बघायला तर दर महिन्याला जावंच लागतं. यात उलटं. प्रत्येक भेटीत सुई द्यायचीच, डोळा कोरडा असला तरी, बदलायचं ते फक्त पुढच्या भेटीचं अंतर. कोरडा असेल तर दोन आठवडे वाढवा, पाझर दिसला तर दोन आठवडे कमी करा. असं करत करत तुमच्या डोळ्याला किती आठवडे पेलवतात ते शोधायचं. ज्याचं त्याचं वेगळं, कुणाचं सहावरच अडकतं, कुणी बारा-सोळापर्यंत जातं. मला आधी वाटलं कोरड्या डोळ्यात सुई म्हणजे पैसे उकळायचा धंदा. पण हिशोब करून बघितला, महिन्याला एक चकर म्हणजे वर्षाला बारा-तेरा, आणि दहा आठवड्यांचं अंतर बसलं तर पाच. शिवाय पुढची तारीख आजच कळते, मुलाला रजा दोन महिने आधी टाकता येते. कालनिर्णयवर लाल पेनाने बुधवार घालायला लागलो.

सहा आठवड्यांनी १८ सप्टेंबर, कोरडा. आठ आठवड्यांनी १३ नोव्हेंबर, कोरडा. दहा आठवड्यांनी २२ जानेवारी २०२५, आणि स्कॅनवर बारीकशी काळी फट. माझं तोंड उतरलं. डॉक्टर म्हणाले वाईट बातमी नाही, तुमच्या डोळ्याची मर्यादा कळली, आणि नजरेला धक्का लागायच्या आत कळली. परत आठवर. १९ मार्चला आठ आठवड्यांनी परत कोरडा.

तेव्हा पुढचे पर्याय विचारले. भाचा अमेरिकेत आहे, त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की तिकडे डोळ्यात तांदळाच्या दाण्याएवढी टाकी बसवतात आणि सहा महिन्यांनी भरतात. डॉक्टरांना ते माहीत होतं, २०२१ ला तिथे मंजुरी मिळाली, २०२२ ला टाकीच्या झाकणाच्या तक्रारीमुळे कंपनीनेच परत बोलावली, २०२४ ला परत आली, आणि ती बसवायला ऑपरेशन लागतं. माझ्यासाठी तो विषय त्यांनी तिथेच संपवला. नव्या औषधांमध्ये फॅरिसिमॅब आहे, ते व्हीईजीएफबरोबर आणखी एका प्रथिनाला अडवतं, अफ्लिबरसेप्टचा जास्त ताकदीचा डोसही निघालाय, दोन्हींचा उद्देश अंतर वाढवणं हाच. पण माझ्या खिशाकडे बघून ते म्हणाले आधी साधं अफ्लिबरसेप्ट घेऊन बघू, काही जणांना त्याने दोन-चार आठवडे जास्त मिळतात. एक सुई महाग, पण वर्षाच्या सुया कमी. हमी काही दिली नाही त्यांनी.

त्याच दिवशी मी दुसरं विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: हे सोलापुरात होणार नाही का? ते म्हणाले का नाही, तिकडे रेटिनाचे चांगले डॉक्टर आहेत, मी चिठ्ठी देतो. सव्वा वर्ष मी साडेचारला उठत होतो!

चिठ्ठी घेताना काय काय घ्यायचं ते लिहून ठेवतो. सगळ्या सुयांच्या तारखा आणि औषधाची नावं एका कागदावर, दर वेळची नजर, आणि ओसीटीचे रंगीत प्रिंट नव्हे तर शक्यतो मूळ फाईल पेन ड्राइव्हवर. काउंटरवरची मुलगी म्हणाली रिपोर्ट देतो ना, फाईल कशाला, दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला तेव्हा मिळाली. दुसरं म्हणजे मशीन बदललं की पडद्याच्या जाडीचा आकडा बदलतो, दोन कंपन्यांची मशीनं एकाच डोळ्याचा वेगवेगळा आकडा दाखवतात. सोलापुरातल्या पहिल्या स्कॅनला माझा आकडा वीस-पंचवीसने जास्त आला आणि मी घाबरलो, नव्या डॉक्टरांनी समजावलं की आकडा सोडा, चित्रात पाणी आहे का बघा. तेव्हापासून स्कॅन एकाच मशीनवर.

आता विमा. पॉलिसी माझी २०१४ पासूनची, पण पुण्यात पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगितलं होतं की हे ओपीडीत धरतात, क्लेम होत नाही, आणि मी मुकाट्याने मान्य केलं. दहा सुया खिशातून. मार्चमध्ये वेटिंगला बार्शीचे एक रिटायर शिक्षक भेटले, त्यांनी डोळे उघडले (चाप न लावता). विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ च्या सूचनांमध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली होती, जे आरोग्य विम्यातून वगळायचे नाहीत, आणि त्यात डोळ्यातलं इंजेक्शन स्पष्ट होतं, इंट्राव्हिट्रियल इंजेक्शन या नावाने. कंपनीला रकमेवर मर्यादा घालता येते, पण सरसकट नाही म्हणता येत नाही. मी घरी येऊन पॉलिसीचं पुस्तक भिंग घेऊन वाचलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा. पान एकतीसवर यादी होती! आमच्या पॉलिसीत मर्यादा विमा रकमेच्या पंचवीस टक्के, म्हणजे पाच लाखांवर सव्वा लाख.

१९ मार्चच्या सुईचा क्लेम २५ मार्चला टाकला. ११ एप्रिलला नकाराचं पत्र, चोवीस तास भरती नाही म्हणून. १५ एप्रिलला कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला, मुलाने टाइप केला, मी सांगितला. रडगाणं लावलं नाही, फक्त पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, नकाराची तारीख, पॉलिसीतलं पान आणि कलम, आणि आयआरडीएआयच्या यादीतलं नाव. शेवटी एक ओळ की ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर आणि नंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. लोकपालांकडे फी नाही, वकील लागत नाही, कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही किंवा परत नाकारलं की जाता येतं, आणि सोलापूर पुण्याच्या ऑफिसखाली येतं. जावं लागलं नाही. २८ एप्रिलला उत्तर आलं, ओसीटीचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट, सुई का गरजेची आहे याचं डॉक्टरांचं पत्र, आणि औषधाच्या खोक्यावरचा बॅच नंबरचा स्टिकर पाठवा. स्टिकर! तो तर थिएटरमध्येच कचऱ्यात गेलेला. नशिबाने फार्मसीच्या बिलावर बॅच नंबर छापलेला होता, तो चालला. ९ मेला मंजूर, २० मेला पैसे खात्यात, हातमोजे वगैरेचे अकराशे कापून. आधीच्या नऊ सुयांचे कागद द्यायची मुदत केव्हाच गेलेली, ते पैसे बुडाले. म्हणून पहिल्या सुईच्या आधीच पॉलिसी वाचा, काउंटरवरच्या माणसाचं ऐकू नका, तो विमा कंपनीचा नाही.

सोलापुरातली पहिली सुई १४ मे २०२५, अफ्लिबरसेप्ट. कॅशलेसची पूर्वपरवानगी चार दिवस आधी टाकली होती, तरी मंजुरी सुईच्या दिवशी दुपारी एकला आली आणि तोवर उपाशी बसलो. उपाशी राहायची गरजच नव्हती, फक्त थेंबांनी बधिर करतात, सिस्टरने विचारलं काका जेवलात का, तेव्हा कळलं. खाली जाऊन भाकरी शेंगाचटणी खाऊन आलो. हॉस्पिटल रेल्वे लाईन्सकडे, जुळे सोलापुरातल्या आमच्या घरून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटं. स्कॅन, तपासणी, सुई एकाच दिवशी करायची हे मी पहिल्यांदाच बोलून घेतलं. काही ठिकाणी स्कॅन एका दिवशी आणि सुई दुसऱ्या दिवशी बोलावतात, तिथे थेट म्हणायचं की एकाच दिवशी करा, बहुतेक वेळा ते करतात, विचारलं नाही तर करत नाहीत. सकाळी दहाला गेलो की दोनपर्यंत घरी. मुलाच्या रजेचा प्रश्न संपला, शेजारचा पोरगा स्कूटरवर सोडतो आणि रिक्षाने आणतो, काळा गॉगल घालून मी मागे बसलेला असतो, कॉलनीत सगळे म्हणतात अण्णा शूटिंगला चालले.

८ आठवड्यांनी ९ जुलै, कोरडा. १० आठवड्यांनी १७ सप्टेंबर, इथेच मागच्या वेळी घसरलो होतो त्यामुळे आदल्या रात्री परत झोप नाही. कोरडा. नव्या औषधामुळे की डोळाच आता शांत झालाय म्हणून, ते नक्की सांगता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, मला ते खरं बोलणं आवडलं. १२ आठवड्यांनी १० डिसेंबर २०२५, चौदावी सुई, कोरडा.

मधल्या तीन महिन्यांत डोळ्यावर लक्ष मी ठेवायचं हा आमचा करार आहे. ॲम्सलर ग्रिड म्हणून चौकटींचा एक कागद मिळतो, मधे टिंब, फ्रिजवर चिकटवलाय. वाचायचा चश्मा लावून, हातभर अंतरावरून, एक डोळा झाकून टिंबाकडे बघायचं, मग दुसरा. रेषा वाकली, चौकट गायब झाली, डाग वाढला तर तारखेची वाट न बघता फोन. रोज चहाच्या आधी, नाहीतर विसरतं. डाव्या डोळ्याचं तर जास्त मन लावून बघतो, कारण तोच आता खरा कामाचा. त्या डोळ्यासाठी ल्युटीन, झिअ‍ॅक्झँथिन, जस्त वगैरेच्या गोळ्या दिल्यात. त्याने सुया कमी होत नाहीत, कोरड्याचा आजार पुढे सरकायचा वेग कमी व्हावा म्हणून त्या असतात. मेडिकलवाल्याने एकदा दुसऱ्याच कंपनीच्या दिल्या, त्यात बीटा कॅरोटीन होतं, ओढणाऱ्यांना आणि पूर्वी ओढलेल्यांना ते फुफ्फुसासाठी धोक्याचं असतं म्हणून डॉक्टरांनी परत करायला लावल्या. पाकिटाच्या मागचं वाचून घ्या, नाहीतर नातवाला वाचायला सांगा.

खर्चाचं सांगायचं तर अफ्लिबरसेप्टच्या चार सुयांपैकी पहिल्या दोन विम्यात पूर्ण बसल्या, तिसरीला मर्यादा संपत आली म्हणून अठरा हजार आणि चौथीला सगळेच माझे गेले. पॉलिसीचं वर्ष फेब्रुवारीत बदलतं, मार्चची सुई नव्या मर्यादेत बसेल. हेही तारखा ठरवताना डोक्यात ठेवायला लागतं, मात्र त्यासाठी सुई पुढे ढकलायची नाही, तो उद्योग मी एकदा केलाय.

पुढची तारीख ४ मार्च २०२६. तेव्हाही कोरडा असेल तर चौदा आठवड्यांचा प्रयत्न करू म्हणालेत, मी म्हणालो बाराच राहू दे सध्या. ते हसले, म्हणाले पहिले पेशंट तुम्ही जे सुया कमी करा म्हणत नाही.

कारखान्यात अजून जातो. किनार आता व्यंकटेश बघतो आणि मी नग मोजून गठ्ठे बांधायला लावतो. मध्यंतरी त्याने एक टॉवेल माझ्यापुढे धरला, "अण्णा, ही खरंच वाकडी हाय का बगा जरा." उजवा डोळा झाकून बघितलं. वाकडी होती. तो म्हणाला, "मग ठीक हाय," आणि टॉवेल बाजूच्या सेकंडच्या मालाच्या ढिगात टाकला.